जांभळाखालची माती

कोल्हापूरच्या आमच्या शाहूपुरीतल्या घरामागं जांभळाचं झाड आहे. जांभळं पडायला लागली की मागची फरशी अशी रंगते की शेजारीण रोज सकाळी माझ्या नावानं खडे फोडते. "काकू, धुणं वाळत घालायची सोय ठेवली न्हाय बघा तुमच्या झाडानं!" मी म्हणते, "खाताना गोड लागत्यात न्हवं? मग डाग बी सोसा की." ती हसते, पातेलं भरून जांभळं नेते आणि दुसऱ्या दिवशी परत भांडायला हजर.

पावसाळा लागला की त्या झाडाखाली रोपं उगवतात, शेकड्यांनी. पाय ठेवायला जागा नसते. तांबूस, चकचकीत पानं, बघत बसावं अशी. आणि मग पंधरवड्यात एकेकाची मान पडते. देठ जमिनीलगत काळा होतो, दोऱ्यानं आवळल्यासारखा बारीक होतो, आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं. श्रावण संपेपर्यंत एक शिल्लक राहत नाही. शेजारीण म्हणते खत घाला, औषध मारा. मी काही करत नाही. ती का मरतात ते मला ठाऊक आहे. त्यांना मारणारी माती तिथं मीच आणून टाकलीय.

हे सांगायचं तर चंदगडला जावं लागेल. सत्तरी आली तरी चंदगड म्हटलं की मला रडू येतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधे थांबले तर कुणी हसू नये.

माझे वडील, मी त्यांना आबा म्हणायची, मूळचे कागलकडचे. तिकडं जमीन नव्हती, काम नव्हतं, म्हणून चंदगडच्या रानात एका सरकारी रोपवाटिकेवर माळी म्हणून लागले आणि तिथलेच झाले. पाऊस म्हणजे काय हे चंदगडला राहिल्याशिवाय कळायचं नाही. चार महिने ऊन दिसत नाही. कपडे चुलीवर वाळवायचे, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, आणि माणसं एकमेकांना तोंडानं नाही तर डोक्यावरच्या इरल्यावरनं ओळखायची. आमचं घर म्हणजे रोपवाटिकेच्या कडेच्या दोन खोल्या. समोर रोपांचे वाफे, वाफ्यांपलीकडं ओढा, ओढ्यापलीकडं रान. आणि घर नि वाफे यांच्या मधोमध एक जुनं जांभूळ. दोघांनी हात धरले तरी कवेत मावायचं नाही.

त्या जांभळाच्या फांदीला आईनं माझी झोळी बांधलेली. मी मोठी झाल्यावर त्याच फांदीला झोका. आई रोपवाटिकेतल्या बायकांबरोबर पिशव्या भरायची आणि मधनंच येऊन मला एक झोका देऊन जायची. जांभळं आली की आम्हा दोघींच्या जिभा महिनाभर जांभळ्या. आबा म्हणायचे, "मायलेकी चोर हायत, जीभ दाखवा बघू!" आणि आई खरंच जीभ काढून दाखवायची. माझी आई अशी होती.

पिशव्या भरायची आईची एक रीत होती. तांबडी माती, शेणखत, थोडी वाळू हे तर सगळेच घालतात. आई आणखी एक करायची. ज्या झाडाचं बी, त्या झाडाखालची एक मूठ माती आणून पिशवीच्या तळाला घालायची. म्हणायची, "लेकरू परक्या घरात घाबरतंय. आईची माती पायाखाली आसली की धीर येतोय." काही झाडांना ती मानवायचीही. रोपं जोमानं यायची. बाकीच्या बायकाही तिचं बघून तसंच करू लागल्या.

मी बारा वर्षांची असताना आई गेली. श्रावणात तिला ताप भरला. ओढ्याला पूर आला होता आणि तीन दिवस एसटी आलीच नाही. चौथ्या दिवशी आली. तिचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर घरात आबा आणि मी. दिवसभर ते वाफ्यांत, मी शाळेत नि चुलीपाशी. संध्याकाळी आबा जांभळाखालच्या दगडावर बसायचे, मी शेजारी जाऊन बसायची. मग कुणीतरी एक म्हणायचं, "आठवतंय का, ती अशी म्हणाली हुती..." आणि दोघांची रडारड सुरू. रोज. आम्हाला त्यात बरंही वाटायचं, खोटं कशाला सांगू. आईची ती मातीची रीत आबांनी मग कायदाच करून टाकली. "तिची रीत मोडायची न्हाय," असं बायकांना बजावून ठेवलं. प्रत्येक पिशवीच्या तळाला मूठभर आईची माती म्हणजे मूठभर मातीच.

एकच घोळ होता. बाकीची रोपं बरी यायची, पण जांभळाची जवळजवळ सगळी मरायची. दरवर्षी आबा मोरचूद नि चुन्याचं पाणी मारायचे, वाफ्यावर वाळक्या गवताचं छप्पर करायचे, चर काढून पाणी बाहेर घालवायचे. काही उपयोग नाही. मान पडली की पडली. त्या जुन्या झाडाखाली आपोआप उगवलेली रोपंही तशीच मरायची. आबा म्हणायचे, "जांभळाचा वंश नाजूक." आणि पुढच्या वर्षी परत तेच.

अठराव्या वर्षी माझं लग्न झालं. शाहूपुरीत. आमचे हे हायस्कूलात शास्त्र शिकवायचे, सासरे गुळाच्या अडतीत. घर चांगलं, माणसं चांगली. सासूबाई तोंडानं फटकळ पण ताटात वाढताना हात सैल. पण मला तिथं करमेना. दारात ट्रक, नाकात गुळाचा वास, आणि डोळ्यांपुढं एक झाड नाही. पाऊस आला तरी तो पत्र्यावर वाजायचा, पानांवर नाही. मी एसटी स्टँडच्या बाजूच्या खिडकीत उभी राहायची आणि चंदगडची गाडी कुठली असेल ते ओळखायला बघायची. ओळखता कुठं येतंय!

मला भाऊ नाही, त्यामुळं मुराळी म्हणून न्यायला आबाच यायचे. पंचमीला, दिवाळीला, संक्रांतीला. मग काही कारण नसतानाही. दारात आबांचा पटका दिसला की माझी पिशवी आधीच भरलेली असायची. चंदगडला गेलो की पहिली संध्याकाळ जांभळाखाली. दगडावर दोघं. आणि तेच. "आठवतंय का..." चार दिवस राहायची ती चारही दिवस रडायची. शाहूपुरीत परत आले की आठ-आठ दिवस घास उतरायचा नाही. अंथरुणाला टेकून पडायची. सासूबाई म्हणायच्या, "ही माहेराहून येती ती निम्मी हून येती. लोकांच्या सुना माहेराहून बाळसं घेऊन येत्यात!" मला राग यायचा. पण बाई खोटं बोलत नव्हती.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा मी आबांना म्हटलं, "मला आपल्या जांभळाचं एक रोप द्या. मागच्या अंगणात लावते. ते झाड झालं की मला तिथंही काहीतरी आपलं असंल." मला त्या वेळी दुसरं काही नको होतं. सोनं नको, साडी नको. त्या झाडाचं एक पोर माझ्या दारात जगावं, एवढंच.

आबांनी पाच रोपं निवडून दिली. एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्या लेकरांची अर्धी तिकिटं काढा की!" सगळी गाडी हसली. मीही हसले. दहा दिवसांत पाचही मेली.

दुसऱ्या वर्षी परत पाच. परत तेच. सासूबाई म्हणाल्या, "अति तिथं माती! रोज तांब्या-तांब्या पाणी कशाला घालतीस?" आबा म्हणाले, "शहरातलं पाणी मानवंना." मी तेव्हा आबांवर उखडले. "पाण्याला नावं ठेवू नका, तुमचीच रोपं कुचकी!" नंतर मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी गेले तर आबा आल्या आल्या म्हणाले, "यंदाची जांभळं पोटभर खाऊन घे. हितनं रस्ता जाणार हाय. दसरा झाला की झाड पडणार."

मी वर फांदीकडं बघितलं. त्या फांदीवर अजून झोक्याच्या दोरीचा वळ होता. आबांनी वर अर्ज केला होता, साहेबांच्या पाया पडून झालं होतं, काही झालं नव्हतं. आता जे काही करायचं ते याच पावसाळ्यात. कारण जांभळाची बी ठेवता येत नाही. आबा म्हणायचे तसं, दूध नि जांभळाची बी, ठेवली की नासली. पडलेलं जांभूळ धुवायचं आणि पंधरा दिवसांच्या आत मातीत घालायचं. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

आम्ही दोघांनी मिळून बिया गोळा केल्या. आबांनी स्वतःच्या हातानं प्रत्येक पिशवीच्या तळाला झाडाखालची माती घातली, एरवी घालायचे त्याच्या दुप्पट. म्हणाले, "औंदा शेवटचं हाय. तिची माती जरा जास्त घालू." मीही घातली. ओंजळी भरभरून घातली. आज आठवलं की स्वतःच्या हातावर चापट मारावीशी वाटते.

पंचमीला मला न्यायला आबा आले तेव्हाच त्यांच्या तोंडावरनं कळलं. गेल्यावर बघितलं तर रांगाच्या रांगा आडव्या. काही रोपं अजून उभी होती, पण देठाशी काळी रेघ आलेली. मी तिथंच चिखलात बसले.

रोपवाटिकेत एक मावशी कामाला होत्या. गावाबाहेरच्या बौद्धवाडीतल्या, आईच्या बरोबरीच्या, आईच्या मैत्रीणच. तोंडाच्या इतक्या सडेतोड की साहेबसुद्धा त्यांच्यापुढं जपून बोलायचे. त्या आल्या, माझ्या दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "रडालीस कशाला? चल, एक गंमत दावतो."

ओढ्याच्या अंगाला, बांबूच्या बेटाआड, त्यांनी वीसेक पिशव्या लपवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत जांभळाचं रोप. ताठ, हिरवंगार. एकाचीही मान पडलेली नाही.

आबाही मागनं आले. बघतच राहिले. "ही कुठली?"

"आपल्याच झाडाची, दादा. फकस्त त्येच्याखालची माती न्हाय घातली. ओढ्याची वाळू नि पलीकडच्या माळाची माती." आणि मग मावशींनी कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी भर पावसात त्यांना झाडाखालची माती आणायला धाडलं होतं. तिथं जळवा इतक्या की त्या गेल्याच नाहीत. उरलेल्या पिशव्यांत ओढ्याची वाळू घातली आणि गप्प बसल्या. त्या वर्षी जांभळाची जी मोजकी रोपं जगली ती सगळी त्यांच्या त्या आळसाची होती. "तुमी बोलशीला म्हणून सांगितलं न्हाय. औंदा मुद्दाम करून बघितलं."

आबा इतके संतापलेले मी कधी बघितले नव्हते. "माझ्या बायकोची रीत मोडलीस? आँ? तुला काय वाटलं, ती न्हाय म्हणून कुणी बघणार न्हाय?"

मावशी मागं सरल्या नाहीत. "वैनी आज आसत्या तर त्येनीच माती बदलली आसती. तुमी आईची माती, आईची माती करत बसलाय, अन् पोरं चाललीत मरून. डोळं उघडा की दादा!"

आबा खाली बसले. एक पिशवी जवळ ओढून त्यांनी रोपाच्या देठावरनं बोट फिरवलं, वरनं खाली, दोनदा. मग मला म्हणाले, "जावईबापूस्नी इचार. ही माती आशी का वागती. आन् लिवून धाड."

मेलेलं एक रोप आणि चिमूटभर माती कागदात बांधून मी शाहूपुरीला आणली. ह्यांनी ती शाळेत नेली, मलाही नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडलेल्या देठाचा तुकडा ठेवून म्हणाले, "बघ." मला पांढरे धागे दिसले, कापूस पिंजल्यासारखे. बुरशी. हे म्हणाले, जुन्या झाडाच्या मुळांभोवती ती वर्षानुवर्षं वाढत राहते. मोठ्या झाडाची साल जाड, मुळं खोल, त्याला तिचं काही वाटत नाही. पण कोवळ्या रोपाच्या देठात ती शिरते आणि चार दिवसांत आटपतं. रानातसुद्धा म्हणूनच आईखालची पोरं जगत नाहीत. पाखरानं लांब नेऊन टाकलेली बीच झाड होते.

मी आबांना पत्र लिहिलं. आबांना जेमतेम सही यायची, पत्र ते दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचे, म्हणून मी सोपं करून, मोठ्या अक्षरात लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. "आबा, ही माती वाईट नाही. मोठं झाड तिच्यातच वाढलं, त्याला ती बाधत नाही. पण त्याच्या मुळाशी जो रोग मुरलेला असतो तो कोवळ्या रोपाला सोसत नाही. आईखाली रोप जगत नाही. लांब नेऊन दुसऱ्या मातीत लावलं, आणि परत ती माती त्याला लागू दिली नाही, तरच त्याचं झाड होतं." लिहून झाल्यावर मी ह्यांना वाचून दाखवलं. "छान लिहिलंस," म्हणाले. मला अभिमान वाटला.

दिवाळीत आबा आले. हातात एकच पिशवी, त्यात मावशींच्या वाळूतलं एक रोप, वीतभर उंच. झाड पडलं होतं. आबांनी एक विचित्र गोष्ट केली. मागच्या अंगणात यायच्या आधी नळाखाली चपला धुतल्या, तळव्यासकट, घासून घासून. मग पाय धुतले. मग हात. मला वाटलं, लेकीच्या सासरी चिखल नको म्हणून. सासूबाईंना तर फार कौतुक वाटलं. मग त्यांनी खड्डा काढला, रोप लावलं, बाजूची माती दाबली. चहा उभ्यानंच घेतला.

माझी पिशवी भरून तयार होती. मी चपला घालून दारात आले.

"पिशवी ठिव," आबा म्हणाले. "न्यायला न्हाय आलो."

"का?"

"कामं हायत. आन् झाड बी पडलं आता. बघायला काय न्हाय तिथं."

आणि गेले. पिशवी हातात धरून मी दारात उभी. हे काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी कुठं चुकले, काय बोलले, काय लिहिलं, काही कळेना.

त्यानंतर आबा मला न्यायला कधीच आले नाहीत. पंचमी आली, गेली. दिवाळी आली, गेली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सुनांचे भाऊ यायचे, पिशव्या हलवत त्या स्टँडकडं निघायच्या, आणि मी खिडकीत. सुरुवातीला रडले. मग मला राग आला. म्हटलं, झाड गेलं तर लेकही गेली काय? मग मीही हट्टाला पेटले. महिन्याला पत्र लिहायची ती तीन महिन्यांनी लिहू लागले. त्यांच्याकडनं कुणाच्या तरी हातची दोन ओळींची पोस्टकार्डं यायची. "आम्ही सुखरूप. झाड कसं आहे?" मी लिहायची, "झाड बरं आहे." मी कशी आहे हे ते विचारत नाहीत म्हणून मीही सांगत नव्हते.

पण झाड खरंच बरं होतं. पहिल्या पावसाळ्यात टिकलं, दुसऱ्यात माझ्या खांद्याला लागलं. आणि मी पण, खोटं कशाला बोलू, त्याच वर्षांत सावरले. जेवायला लागले. सासूबाईंशी भांडायला लागले, आणि सुनेनं उलटून बोलायला सुरुवात केली तेव्हा कुठं त्यांना मी त्यांच्या घरातली वाटू लागले. ह्यांनी मागं लागून डीएड करायला लावलं. शाळेत नोकरी लागली. मुलगी झाली.

एकदा मी न बोलावताच गेले, मुलगी दीड वर्षाची असताना. आबा दारात बसले होते. उठून उभे राहिले. नातीला म्हणाले, "या पावणं, बसा." तिला मांडीवर घेतलं, चहा केला, भाकरी केली. सगळं केलं. पण मी म्हटलं, "चला, त्या दगडावर बसू," तर म्हणाले, "तिथं नगं. खडी पडली हाय." आईचं नाव एकदाही काढलं नाही. मी काढलं तर उठून आत गेले. चार वाजल्यापासनं घाई. "पाचची गाडी हाय. चुकंल." गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभे होते, हे मी मागच्या काचेतनं बघितलं. पण मी रागात होते. हात हलवला नाही.

रोप लावून नऊ वर्षं उलटली होती तेव्हा तार आली. झोपेतच गेले. निवृत्त झाल्यावर ते रोपवाटिकेजवळच एका खोलीत राहायचे. सगळं उरकल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. केस पांढरे झालेले, तोंड तेच.

"तुझा राग हाय न्हवं त्येच्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

"ते तुझं पत्र आलतं बघ, मातीचं. माझ्या लेकीकडनं वाचून घेतलं त्येनं. एकदा झालं, म्हणाला, परत वाच. परत वाचलं. आन् मला म्हणाला, 'बाई, म्हंजे ती माती म्याच की.'"

मला आधी समजलंच नाही.

"म्या म्हटलं, दादा, डोकं फिरलं का? माणूस म्हंजे काय रोप हाय? तर म्हणाला, 'तिची आई गेल्याचं दुख मला पचतंय, म्या जुनं खोड हाय. पोरीला न्हाय पचत. हितं आली की माझ्यासंगं रडती, आन् दर बारीला निम्मी हून जाती. लांब ऱ्हायली तर जगंल.' पंचमीच्या आदल्या दिशी स्टँडावर जाऊन बसायचा गं. तासन् तास. कोलापूरची गाडी सुटली की मागारी यायचा."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा माझ्याच हातात होता. मोठ्या अक्षरात, सोपं करून, मीच लिहिलं होतं. आणि त्यांनी एवढा शहाणपणा माझ्यावर खर्च केला आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. मला त्यांचा राग आला. अजून येतो. जगले मी, बरोबर होतं त्यांचं, पण नऊ वर्षं? नऊ वर्षं म्हणजे नऊ पंचम्या. त्यातल्या एकीला आम्ही दोघं रडलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं?

त्यांच्या खोलीत घेण्यासारखं काही नव्हतं. दाराशी चपला होत्या. तळाला जुन्या जांभळाच्या जागेकडची तांबडी माती, वाळून खडक झालेली. मी त्या धुतल्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन शाहूपुरीला आणल्या.

घरी आले ती तडक मागच्या अंगणात. जांभूळ कौलांच्या वर गेलं होतं, त्या वर्षी पहिल्यांदाच मोहर धरला होता. बुंध्याशी बसले आणि दोन्ही चपला एकमेकींवर आपटल्या. ढेकळं पडली. नखांनी खरवडून राहिलेली माती काढली आणि सगळी त्याच्या मुळाशी हातानं पसरली. एवढ्या मोठ्या झाडाला आता तिचं काय होणार होतं?

मग मला जोराचं रडू फुटलं. आत सासूबाई होत्या, मुलगी होती, तरी मी मोठ्यानं बोलले. "आबा, मी पण कवाच मोठी झालती. यायचं न्हवं का न्यायला?"